हात धू आणि आत जा

प्रश्न : ताई, माझं वय २९. एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे. बायकोला आठव्या महिन्यात बीपी वाढून झटके आले. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात रातोरात सिझेरियन करावं लागलं. मुलगी झाली, ३२ आठवड्यांची, वजन १३८० ग्रॅम. तिला १०८ नं जिल्हा रुग्णालयात आणलं, काचेच्या पेटीत ठेवलंय. बायको अजून तिकडेच, ४० किलोमीटरवर. आज सहावा दिवस. मी आणि आई बाहेर बाकड्यावर बसून असतो. काल सिस्टर म्हणाल्या, शर्ट काढून बाळाला छातीशी घ्या, मी शिकवते. आई म्हणते, पुरुषानं एवढ्या नाजूक जिवाला हात लावू नये, जंतू जातील, काही झालं तर तुझ्यावर येईल. सासरे म्हणतात, डॉक्टर आहेत ना, तू कामावर जा. बायको फोनवर रडते, दूधच येत नाही म्हणते. आई म्हणते डब्याचं पाजा. मला खरं तर बाळाला धरायचीच भीती वाटते. मी नक्की काय करायचं? नाव छापू नका.

उत्तर :

पत्रात तू फोन नंबर दिला होतास, म्हणून त्याच संध्याकाळी आपण पाच मिनिटं बोललो. तेव्हा एवढंच सांगितलं की सिस्टर म्हणतात तसं कर. आता नीट लिहिते, कारण त्या बाकड्यावर तू एकटा नाहीस. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नवजात विभागाच्या दाराबाहेर असे बाप बसलेले असतात, हातात औषधाची चिठ्ठी आणि बिस्किटाचा पुडा घेऊन. आत काय चाललंय ते कळत नाही आणि विचारायचं धाडस होत नाही. अरे-तुरे करते, राग मानू नकोस. माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे, आणि एकतीस वर्षं मी त्या दाराच्या आतल्या बाजूला सिस्टर होते.

भीतीचं आधी बोलू. दीड किलोच्या आतलं बाळ पहिल्यांदा हातात घेताना सगळ्यांनाच भीती वाटते. नवीन आलेल्या सिस्टरही घाबरतात. पहिला महिनाभर माझेही हात कापायचे. भीती जाईल मग घेईन, असं म्हणत बसलास तर महिना निघून जाईल. घेतल्यावर ती कमी होते, आणि तुझ्या बाजूला शिकवणारी सिस्टर उभी असणार आहे.

जंतूंबद्दल तुझ्या आईची काळजी रास्त आहे. जंतू या बाळांचा मोठा शत्रू आहेच. पण ते येतात कुठून, ते बघ. एक सिस्टर एका पाळीत कितीतरी बाळांचं बघते. एकाचं लंगोट, दुसऱ्याची नळी, तिसऱ्याचं सलाईन. हात धुण्यात एकदा जरी कुचराई झाली तरी एका बाळाचे जंतू दुसऱ्याकडे जातात, आणि रुग्णालयातले जंतू घरच्यांपेक्षा हट्टी असतात, साध्या औषधांना दाद देत नाहीत. तुझे हात फक्त तुझ्याच मुलीला लागणार आहेत. एस्टोनियातल्या टॅलिन शहरात १९७९ साली डॉ. आदिक लेविन यांच्याकडे सिस्टर कमी पडत होत्या, म्हणून त्यांनी आयांनाच चोवीस तास बाळापाशी ठेवलं आणि सिस्टरांनी त्यांना शिकवायचं असं ठरवलं. तिथे संसर्ग कमी झाले आणि बाळांची वजनं चांगली वाढली. पुढे आपल्याकडे, दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आई-वडिलांना हात धुण्यापासून सगळं शिकवून आत घेतलं आणि त्याची रीतसर चाचणी केली. संसर्ग वाढला नाही, आणि आईच्या दुधावर घरी जाणारी बाळं जास्त निघाली. २०१७ साली केंद्र सरकारनं सरकारी नवजात विभागांसाठी तशा सूचनाच काढल्या. म्हणजे तुझ्या सिस्टर तुला बोलावतात ती मेहेरबानी नाही, त्यांना तसंच काम करायला सांगितलेलं आहे.

पूर्वी असं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीची कितीतरी वर्षं आम्हीच दाराला कडी लावायचो. दुपारी चार ते साडेचार काचेतून बघायचं, बस्स. एक बाई तीन आठवडे रोज काचेशी यायची. डिस्चार्जच्या दिवशी मी बाळ तिच्याकडे दिलं तर तिनं दोन्ही हात पुढे केले, पण ताट घ्यावं तसे. मान कुठे धरायची, तिला माहीतच नव्हतं. मग बाळाच्या तोंडाकडे बघत हळूच म्हणाली, "सिस्टर, हे माझंच ना?" आम्ही सगळं नियमानं केलं होतं आणि तरी त्या बाईचे तीन आठवडे आम्ही काढून घेतले होते. ते मला अजून टोचतं, म्हणून तुला इतकं आग्रहानं सांगते आहे.

आता आत जाताना काय करायचं. सकाळी आंघोळ, धुतलेले कपडे. नखं कापलेली. अंगठी, घड्याळ, मनगटावरचा गंडा-दोरा काढून ठेव. दोरा काढवत नसेल तर दंडाला बांध, मनगटावर ओला दोरा म्हणजे जंतूंचं घर. बाह्या कोपराच्या वर. साबणानं कोपरापर्यंत दोन मिनिटं हात धुवायचे, बेसिनवर सहा पायऱ्यांचं चित्र लावलेलं असेल तसे, आणि स्वच्छ टिपून कोरडे करायचे. मोबाइल बाहेर आईकडे दे, त्याच्याइतकी घाणेरडी वस्तू खिशात दुसरी नसते. अत्तर, बॉडी स्प्रे नको. तंबाखू, सिगारेट असेल तर एवढ्या दिवसांपुरती तरी बंद कर. अंगाला आणि श्वासाला येणारा तो वास बाळाच्या नाकाशी जातो. सर्दी, खोकला, ताप किंवा अंगावर फोड असतील त्या दिवशी आत जाऊ नकोस, सिस्टरला तसं सांग. आणि आत कुणी हात न धुता तुझ्या मुलीला हात लावताना दिसलं, मग ते डॉक्टर का असेनात, तर नम्रपणे म्हण, "साहेब, सॅनिटायझर." चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

मग ती कांगारू पद्धत, म्हणजे सिस्टर म्हणाल्या तसं बाळाला उघड्या छातीशी धरणं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. पेट्या कमी, एकेका पेटीत दोन-तीन बाळं, संसर्गानं बाळं दगावत होती. त्यांनी बाळांना आयांच्या छातीला बांधलं. अडचणीतून निघालेली ही गोष्ट पेट्या भरपूर असलेल्या देशांतही आता करतात. २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, भारतासह पाच देशांतला. आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाला. एक किलो ते १८०० ग्रॅमपर्यंतची सुमारे ३,२०० बाळं, म्हणजे तुझ्या मुलीच्याच वजनाची. जन्मल्यावर बाळ स्थिर होण्याची वाट न बघता ज्यांना छातीशी घेतलं, त्यांच्यात पहिल्या महिन्यातले मृत्यू एक चतुर्थांशानं कमी झाले. आई आजारी असेल तिथे घरातल्या दुसऱ्या माणसानं घेतलं. जागतिक आरोग्य संघटना तर २०२२ पासून सांगते, दिवसाचे आठ ते चोवीस तास, जितकं जमेल तितकं. तुझ्या बायकोला अजून उठता येत नाही. तोपर्यंत ही छाती तुझी.

एक बाप आठवतो. ऊसतोडीला आलेला. बायकोला बाळंतपणात रक्तस्राव झाला होता, ती दुसऱ्या वॉर्डात रक्त चढवत पडलेली. कोयत्यानं त्याच्या तळहाताला घट्टे पडले होते आणि त्याला तीच काळजी, पोरीला खरचटेल. खुर्चीत रेलून बसवलं, शर्टाची बटणं सोडली, बाळ छातीवर ठेवलं, वरून त्याचंच धुतलेलं उपरणं बांधलं. बघते तर हा श्वासच घेईना. छाती हलली की बाळ हलेल म्हणून रोखून बसलेला, कपाळावर घाम. म्हटलं, "दादा, श्वास घ्या. तिला तोच ऐकायचाय." त्यानं मोठा श्वास सोडला. बाळाचे ठोके मॉनिटरवर १७० च्या पुढे होते, ते हळूहळू १५० च्या खाली आले. पाऊण तासानं मी माझ्या हाताची मागची बाजू बाळाच्या तळपायाला लावली. सकाळी गार असणारा तळपाय कोमट होता. त्यालाही लावायला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी आमची पाळी सुरू व्हायच्या आधी हात धुऊन दारात उभा होता.

कसं धरायचं ते सिस्टर दाखवेल, तरी डोक्यात राहू दे. बाळाला फक्त टोपी, लंगोट, मोजे. छातीच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका बाजूला. हनुवटी छातीत घुसता कामा नये, मानही मागे फार पडू नये. नाक-तोंड सतत दिसलं पाहिजे. बांधलेल्या कापडाची वरची कड कानाच्या खालपर्यंत. एकदा घेतलंस की तासभर तरी हलवायचं नाही, कारण आत-बाहेर करण्यातच या बाळांची दमछाक होते. त्यामुळे लघवी, चहा, फोन सगळं आधी उरकून बस. आणि गोंजारू नकोस. एवढ्या लवकर आलेल्या बाळाला बोटं फिरवलेली सहन होत नाहीत. एक तळवा डोक्यावर, एक पाठी-ढुंगणावर, नुसता स्थिर ठेव. ऑक्सिजनची नळी असली तरी अडत नाही, सिस्टर ती सांभाळून देते. झोप अनावर झाली तर हाक मार. मॉनिटर मधेच वाजेल. बऱ्याचदा पायाची वायर सैल झालेली असते. पण तू आधी बाळाकडे बघ. ओठ निळे-काळे, श्वास थांबल्यासारखा किंवा अंग ढिलं पडलेलं दिसलं तर लगेच सिस्टरला बोलव. काही दिवसांत तिचा नेहमीचा श्वास तुला इतका ओळखीचा होईल की काहीतरी बिनसलंय हे यंत्राच्या आधी तुला कळेल. माझ्या नोकरीत कितीदा तरी "सिस्टर, आज ही वेगळी वाटते" हे आई-बापानं आधी सांगितलंय आणि तपासणीत ते खरं निघालंय.

दुधाचं मात्र आजच हाती घे, हे थांबणारं काम नाही. सिझेरियन, झटके, बीपी, वर बाळ समोर नाही, अशा बाईला दूध उशिरा येतं. येत नाही असं नाही. बाळ ओढत नसलं तरी हातानं किंवा पंपानं दर दोन-तीन तासांनी काढत राहायचं, दिवसातून आठ वेळा तरी, त्यात एकदा रात्री. सुरुवातीला वाटीच्या तळाला लागेल इतकंच पिवळसर चिकाचं दूध निघेल आणि ती म्हणेल, एवढ्यानं काय होणार? तुझ्या मुलीला सुरुवातीला लागतंच थेंब-थेंब. नळीतून एका वेळी काही मिलिलिटर. तो चीक तिच्या आतड्यांसाठी औषधच आहे. उलट डब्याच्या दुधानं अशा कोवळ्या आतड्यांना गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो, म्हणून आईला स्पष्ट सांग, डब्याचं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. तोपर्यंत दूध कमी पडलं तर तुझ्या रुग्णालयात किंवा जवळपास मानवी दुग्धपेढी आहे का विचार. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. दुसऱ्या आईचं तपासलेलं, पाश्चराइज केलेलं दूध तिथून मिळतं.

बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणून दूध चालणार नाही, असं तिला कुणी सांगितलं असेल. बहुतेक गोळ्यांना चालतं. तिच्या औषधांची नावं कागदावर उतरवून घे आणि बाळाच्या डॉक्टरांना दाखव, ते सांगतील तेच खरं. दूध आणायचं कसं? नवजात विभागातून डबी मागून घे, नाहीतर उकळलेली झाकणाची स्टीलची डबी. वर पट्टी चिकटवून बायकोचं नाव, तारीख, वेळ लिही. बर्फ घातलेल्या लहान खोक्यातून आण. वाटेत गरम करू नकोस. फ्रीजमध्ये ते चोवीस तास टिकतं, तेव्हा दिवसातून एक फेरी कर किंवा मेव्हण्याला करू दे. सासऱ्यांना काहीतरी करायचंच असेल तर हे काम त्यांना द्यावं असं मला वाटतं. आणि जाताना हात हलवत जाऊ नकोस. बाळाखाली घातलेलं फडकं पिशवीत घालून ने, तिला उशाशी ठेवायला दे. सिस्टरच्या परवानगीनं एक व्हिडिओ काढ. बाळाचा वास आणि चेहरा समोर असला की दूध उतरायला मदत होते, आम्ही वॉर्डात हे रोज बघायचो.

पण खरा उपाय दोघींना एका छताखाली आणणं. तिचं बीपी आटोक्यात आलं की खाजगी डॉक्टरांना विचार, हिला जिल्हा रुग्णालयाच्या बाळंतीण वॉर्डात हलवता येईल का? इकडे नवजात विभागाच्या डॉक्टरांना सांग, आई दुसरीकडे आहे, तिला इथे खाट मिळेल का? बहुतेकदा कुणी विचारतच नाही म्हणून ते होत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाची औषधं, तपासण्या, रक्त, नेण्या-आणण्याची गाडी फुकट आहे. बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडली तर कार्यक्रमाचं नाव घेऊन अधीक्षकांकडे जा.

आता तुझी आई. त्या माऊलीवर चिडू नकोस. बाळाची पाचवी झाली नाही, सोयर चालू, नात कोण कुठल्या पेटीत, सून तिकडे. तिच्या हातात काहीच उरलेलं नाही, म्हणून ती नियम सांगते. पाचवीची पूजा घरी नाहीतर वॉर्डाबाहेर करायची असेल तर करा. काजळ, अंगारा, मध, गुटी मात्र आत न्यायची नाही, टाळूत तेलही नाही. आणि तिला कामाला लाव. सिस्टरला विचार, आजीला कांगारू शिकवाल का? आजीलाही चालतं. चार तास तू, तीन तास ती. जंतू-जंतू म्हणणाऱ्या कितीतरी आज्या एकदा बाळ छातीवर घेतल्यावर उठायला तयार होत नसत. सून घरी आल्यावर तिच्या बाजूनं बोलणारी हीच आजी असेल. आणि घरात कुणी म्हणालं की सुनेनं आराम केला नाही म्हणून असं झालं, तर तिथल्या तिथे थांबव. गरोदरपणातलं बीपी आरामाच्या चुकीनं होत नाही. त्यात वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी पडतं, आणि झटके आल्यावर बाळंतपण करणं हाच उपचार असतो. डॉक्टरांनी दोघींचा जीव वाचवायला बाळाला लवकर बाहेर काढलं.

कामाचं कठीण आहे, कंत्राटी माणसाला कुणी रजा देत नाही, आणि हा अन्यायच आहे. बाळ दाखल असल्याचं पत्र डॉक्टरांकडून घेऊन सुपरवायझरला दाखव, रात्रपाळी मिळते का बघ. पूर्ण दिवस जमला नाही तरी दोन तास नेमानं ये. रोज एका वेळेला आलास तर सिस्टरही ती वेळ तुझ्यासाठी धरून ठेवतात.

डॉक्टरांचा राउंड असेल तेव्हा समोर रहा आणि एक शंभर पानी वही ठेव. आज वजन किती, दूध किती मिली, नळीनं की वाटी-चमच्यानं, ऑक्सिजन किती, पुढे काय. वजन पहिल्या आठवड्यात घटतं, घाबरू नकोस. दहा-पंधरा दिवसांत जन्माच्या वजनावर येतं, मग दिवसाला साधारण वीस ग्रॅमनं चढायला लागतं. ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या आसपास बसतो, तेव्हा अंगावर पाजता येतं. त्याआधी डॉक्टर सांगतील तेव्हा बोंडल्यानं, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीनं, पाजायला सुरुवात होईल, ते तूही शिकून घे. घाई करायची नाही, बोंडलं ओठाशी टेकवायचं आणि तिनं गिळलं की पुढचा घोट.

एक गोष्ट लपवत नाही. ३२ आठवड्यांची बहुतेक बाळं आज सुखरूप घरी जातात, पण वाटेत मागे-पुढे होतं. एखाद्या दिवशी दूध बंद करतील, पुन्हा ऑक्सिजन लावतील, संसर्गाची तपासणी करतील. त्या दिवशी आई म्हणेल, "हात लावलास ना." ते मनाला लावून घेऊ नकोस, अशी वळणं पेटीतल्या बाळांनाही येतात. डॉक्टरांना कारण विचार, आणि ते परवानगी देतील त्या दिवशी पुन्हा हात धुऊन आत जा.

वहीच्या पहिल्या पानावर तिची जन्मतारीख लिही आणि त्यापुढे तीस दिवस मोजून लाल पेनानं तारीख टाक. त्या तारखेच्या आत डोळ्याच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे, घरी गेला असलात तरी. लवकर जन्मलेल्या बाळाच्या पडद्यात रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात, आणि वेळेत दिसलं तरच लेझरनं नजर वाचते. बाहेरून बघून काही कळत नाही. कानाची तपासणी कधी, तेही विचारून तिथेच लिही. डिस्चार्जच्या कागदात या तारखा बारीक अक्षरात असतात आणि घरी गेल्यावर बारशाच्या गडबडीत विसरतात. आशाताई घरी येतील, त्यांना ही वही दाखव.

मला पुढच्या आठवड्यात फोन कर. वजन किती झालं ते सांग, आणि तिच्या आईची खाट हलली का ते.